टाकीतला कर्जवाला

“मी आता जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकाचा जरी विश्वास बसला, तरी मिशी काढून निलेशच्या हातात देईन.”

असं मी म्हणालो तेव्हा कामशेतच्या भात गिरणीतली वीज गेली होती. पट्टा थांबला होता. अर्धं भात तांदूळ होऊन आणि अर्धं भातच राहून मशीनच्या पोटात अडकलं होतं. अशा वेळी माणसं एक तर शिव्या देतात, नाहीतर माझ्याकडे बघतात. गिरणीवाला निलेश हातात पान्हा घेऊन बसला होता. आमच्या वाडीतल्या बयाबाई आपल्याच पोत्यावर ठाण मांडून होत्या, कारण त्यांचा गिरणीवर जेवढा भरवसा तेवढाच माझ्यावर. आणि निलेशची पुतणी कोमल होती. ती कॉलेजात जाते, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला ‘का’ विचारते.

“मिशी नको, आबा,” निलेश म्हणाला. “बिबट्याच्या गोष्टीला तुमी दात लावलं व्हतं पनाला. ती कवळी निघाली.”

“ही बिबट्याची न्हाई. त्याच्याहून बेरकी जनावराची हाय. गृहकर्जाची.”

मग मी पाय पोटाशी घेऊन नीट बसलो आणि सुरुवात केली.

आमचा प्रज्ञेश, माझ्या धाकट्या भावाचा नातू. तळेगावच्या कंपनीत रात्रपाळी करायचा. दिवसा झोपून झोपून त्याला सूर्य कसा दिसतो ते विसरायला झालं होतं. एक दिवस त्यानं ती नोकरी सोडली आणि घरी येऊन सांगितलं, “आबा, आता मी घरबसल्या लोकांना घरं देणार.” मी म्हटलं, आपल्या पडवीचे पत्रे आधी बदल. तर म्हणाला, तसं नाही. लोकांना घर घ्यायला कर्ज लागतं, ते मी फोनवर मिळवून देणार.

मुंबईची ‘स्वप्नछत्र’ नावाची कंपनी. तिनं ह्याला काय दिलं? एक कोड दिला. पगार नाही, खुर्ची नाही, रजा नाही, रविवारही नाही. नुसता कोड. गिऱ्हाइकाच्या फाइलवर तो कोड टाकायचा. बँकेनं घर घेणाऱ्याला पैसे सोडले, की त्यातली चिमूटभर दलाली ह्याच्या खात्यात. पैसे सुटले नाहीत, तर केलेले फोन, गोळा केलेले कागद आणि दीडशे लोकांना पाठवलेल्या शुभ सकाळी, सगळी समाजसेवा.

रोज सकाळी मोबाइलवर मीटिंग. तिकडून पायल मॅडम नावाची साहेबीण ओरडायची, “तुम्ही नोकर नाही! तुम्ही उद्योजक आहात! स्वप्नछत्र एक कुटुंब आहे!” मग सगळ्यांनी आपापल्या घरी एकेकट्यानं टाळ्या वाजवायच्या. मी प्रज्ञेशला म्हटलं, “पोरा, मी देहूरोडच्या डेपोत उभी हयात नोकर होतो. त्या नोकराला पेन्शन आहे. तुझ्या उद्योजकाला डबा मी देतो.”

“आनि कुटुंबाचं काय?” बयाबाईंनी विचारलं.

“कुटुंबच ते. फकस्त म्हयनाअखेरीपर्यंतचं. त्या मुदतीत एकबी फाइल पास न्हाई झाली, की नातं तुटलं.”

आता आमच्या वाडीत वडिवळ्याचं धरण दिसतं, पण मोबाइलचं नेटवर्क दिसत नाही. प्रज्ञेश फोन घेऊन आठवडाभर भूत लागल्यासारखा हिंडला. गोठ्यात बघितलं, बुद्धविहारामागे बघितलं, फणसावर चढून बघितलं. शेवटी सापडलं ते टेकाडावरच्या जुन्या सिमेंटच्या टाकीत. ती टाकी कुणी बांधली ते कुणालाच आठवत नाही. समोर धरण, खाली विहीर, मध्ये टाकी. पण पाण्याची आणि टाकीची अजून ओळख झालेली नाही. झाकण उघडून शिडीनं आत उतरलं, की फोनवर सगळ्या काड्या फुल्ल.

“आबा, असं होणारच नाही,” कोमल म्हणाली. “सिमेंटच्या आत नेटवर्क कमी होतं. का तर—”

“का तर ते सिमेंट असतं तेव्हा. ह्या टाकीत ठेकेदारानं सिमेंट टाकलंच नव्हतं.”

निलेश हसला, तसं मला पुढं जायला बळ आलं.

टाकीत प्रज्ञेशचं नशीब उघडलं. का, ऐका. रिकाम्या टाकीत ‘हॅलो’ म्हटलं तरी ते ‘हॅलो’ चारही भिंतींना भेटून, मोठं होऊन परत येतं. पुण्याची माणसं फोनवर एकदम अदबीनं बोलायला लागली. त्यांना वाटायचं, संगमरवरी हॉल आहे, उंच छत आहे, बँक म्हणजे बँक आहे. एका बाईनं विचारलं, “तुमच्या ब्रँचला यायचं म्हटलं तर पार्किंग आहे ना?” प्रज्ञेशनं झाकणातून डोकं बाहेर काढलं, चहूकडे माळ बघितला आणि म्हणाला, “भरपूर आहे, मॅडम.”

खाली वाडीतल्या दत्तोबाची म्हैस रेकली, की तो हळूच सांगायचा, “सॉरी सर, आमचे रीजनल हेड बोलताहेत.” गिऱ्हाईक म्हणायचं, “असू द्या, असू द्या, साहेबांना डिस्टर्ब नको.” आणि सकाळी मीटिंगला टाळ्या वाजवल्या, की आतली वटवाघळं उठून झाकणातून बाहेर पडायची. त्यावरून वाडीतले लोक घड्याळ लावत.

पण मोठ्या आवाजानं फाइल पास होत नाही. लोणावळ्याचा विक्की शेठ बघा. त्याचे बंगले शनिवार-रविवारी भाड्यानं जातात. एकाचं नाव ‘मेघांचं माहेर’. तिथं तरण तलाव आहे, म्हणजे आमच्या भाताच्या खाचरापेक्षा लहान, पण निळा. शेठला आणखी एक बंगला घ्यायचा होता. प्रज्ञेश सगळे कागद बघून आला तो तोंड पाडूनच.

“काय झालं रे?”

“आबा, इन्कम टॅक्सच्या कागदावर हा माणूस इतका गरीब आहे की त्याला आपणच रेशन द्यावं.”

“आनि तोंडानं?”

“तोंडानं तो अख्खा लोणावळा विकत घेतो.”

शेठचं म्हणणं असं, की सरकारनं कागद वाचावा आणि बँकेनं त्याचं तोंड ऐकावं. बँकेनंही कागदच वाचला. फाइल पडली. जाता जाता शेठनं प्रज्ञेशच्या हातात चिक्कीचा एक पुडा ठेवला आणि म्हणाला, “तुम्ही लोक काही कामाचे नाही.” प्रज्ञेशची त्या महिन्याची कमाई म्हणजे तेवढा पुडा. त्यातली अर्धी चिक्की मी खाल्ली, म्हणून आयकर मलाही लागू झाला असावा.

मग पायल मॅडमचा निरोप आला. ह्या महिन्यात एक तरी फाइल पास झाली पाहिजे, नाहीतर कोड बंद. कोड बंद म्हणजे टाकी बंद, म्हणजे परत तळेगावची रात्रपाळी. पोराचा चेहरा बघवेना. आणि हातात उरली होती एकच फाइल. रेणुकाची.

रेणुका म्हणजे आमच्या सरूबाईची भाची. आईबाप लवकर गेले, सरूबाईनं वाढवली. तळेगावच्या दवाखान्यात रक्त तपासते. पक्की नोकरी, दर महिन्याला पगार, कधी कुणाचं देणं नाही. अशी फाइल म्हणजे गृहकर्जवाल्याला गाभण गाय. तिनं इंदुरीला दोन खोल्यांचा फ्लॅट बघितला होता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून इंद्रायणी दिसते आणि मान जरा वाकडी केली तर गढीचा बुरूजही दिसतो. तिनं प्रज्ञेशला बजावलं होतं, “दादा, वाडीत कुणाला बोलायचं नाही. घर झालं की मी पेढे वाटीन. आधी कळलं तर लोक सल्ले वाटतील.” म्हणून प्रज्ञेशनं तोंडातून अक्षर काढलं नाही.

“मग तुमाला कसं कळलं?” बयाबाई म्हणाल्या.

“मी टाकीवर डबा द्यायचो. टाकीत गुपित ऱ्हातं व्हय? घुमून बाहेर येतं.”

बयाबाई पोत्यावर चुळबुळल्या. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

तर फाइल सरळ चालली होती. शेवटची पायरी राहिली होती, पडताळणीची. बँक एक माणूस पाठवते. तो अर्जदाराच्या घरी आणि शेजारी जाऊन चौकशी करतो, की ही बाई खरंच इथं राहते का, नोकरी करते का, कशी आहे. कधी येणार ते तो सांगत नाही, आणि कशासाठी आलो तेही सांगत नाही. कर्जाची बाब शेजाऱ्यांना कळू द्यायची नाही, असा त्यांचा कडक नियम आहे. बँकेला वाटतं, केवढी ही गुप्तता! पण आमच्या वाडीत एक अनोळखी माणूस मोटारसायकलवरून येतो. धुतलेला शर्ट, भांग पाडलेला. तरण्या मुलीचं नाव घेऊन विचारतो की ती कशी आहे, वय किती, घरात माणसं किती. आणि कशाला विचारतो ते सांगत नाही.

“सोयरीक!” कोमलनं टाळी वाजवली.

“आता ह्याला ‘का’ न्हाई विचारलंस?”

सरूबाईनं चटई टाकली, तांब्या दिला आणि रीतीप्रमाणं आडनाव विचारलं. पाहुणा म्हणाला, गायकवाड. आता गायकवाड आमच्या बौद्धांतही आहेत आणि दत्तोबाच्या लोकांतही आहेत. सरूबाईनं गाव विचारलं. तो म्हणाला, देहूरोड. देहूरोड म्हटल्यावर सरूबाईच्या डोळ्यांपुढं बुद्धविहार उभा राहिला, आणि तिच्या दृष्टीनं लग्न निम्मं ठरलं. तिनं मागच्या दारानं बयाबाईंना पोह्यांचं सांगितलं. वाडीतली चार जाणती माणसं ओट्यावर येऊन बसली, आणि सगळ्यात पुढं बसला दत्तोबा.

“दत्तोबाभाऊ?” बयाबाई म्हणाल्या.

“मधी बोलू नका. तार तुटती.”

पाहुण्यानं वही काढली. “रेणुका इथंच राहतात?”

“हितंच की. कुटं बाहेर फिरनं न्हाई, कुनाकडं बघनं न्हाई,” सरूबाई म्हणाली.

“काय करतात त्या?”

“सैपाक. पुरनपोळी अशी करती—”

“नाही, नोकरी म्हणतो मी.”

इथं दत्तोबा पुढं सरकला. त्याला वाटलं, पोराकडच्यांना सून बाहेर जाते ते पसंत नसेल. “नोकरी म्हंजे काय वो, येळ जायाला. जाती, येती. तुमी म्हनाल तर उद्या सोडंल.”

पाहुण्याचं पेन थांबलं. “उद्या?”

“घाई असंल तर आज.”

“पगार किती असेल अंदाजे?”

“त्यातलं तिला काय कळत न्हाई. लय गरीब सोभाव. पैशाला हात लावीत न्हाई.”

“वय?”

कागदावर एकोणतीस होतं. दत्तोबानं आवाज खाली घेतला. “चोवीस. उंच हाय म्हनून पंचवीस धरा.”

पाहुण्यानं कागद बघितला, दत्तोबाकडे बघितलं, पुन्हा कागद बघितला. मग फिरवून विचारलं, “इंदुरीला राहायला जाण्याचा विचार आहे का त्यांचा?”

“ती कशाला जातीय इंदुरीला? तुमी न्याल तितं ऱ्हाईल!”

पाहुण्याला ठसका लागला. सरूबाईनं पाठ थोपटली आणि त्याच्या बशीत आणखी पोहे वाढले. तरी तो हिमतीचा. पाणी पिऊन त्यानं शेवटचा प्रश्न टाकला, “त्यांची जबाबदारी कोणावर?”

“आता तुमच्यावरच की!” दत्तोबा म्हणाला, आणि ओट्यावरची सगळी माणसं समाधानानं हसली.

तो हेल्मेट उलटं घालून गेला. त्यानं बँकेला लिहिलेला अहवाल असा होता: अर्जदार आजच नोकरी सोडण्याच्या तयारीत. पगाराबाबत अनभिज्ञ. वयात तफावत. घेत असलेल्या घरात राहण्याचा इरादा नाही. खाद्यपदार्थ देऊन अधिकाऱ्यावर प्रभाव टाकण्याचा प्रयत्न, दोन वेळा.

गिरणीत हसून हसून निलेशच्या हातातला पान्हा पडला. कोमल मात्र हसत नव्हती. “म्हणजे चांगली मुलगी दाखवायची म्हणून जे जे सांगितलं, त्यानंच तिचं घर गेलं?”

“जाईल कसं? मी व्हतो ना!”

आता खरी गोष्ट इथून पुढं आहे, म्हणून मी आवाज चढवला.

मी त्या वेळी धरणाच्या भिंतीकडं म्हशी घेऊन गेलो होतो. परत येतो तर ओट्यावर दत्तोबा मिशीला पीळ देत बसलेला. म्हणाला, “आबा, रेणुकाचं जमलं!” मी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. तसाच टेकाड चढलो. म्हशीच्या शेपटीला धरून चढलो, म्हणून लवकर पोचलो. टाकीत प्रज्ञेश डोकं धरून बसला होता. फाइल नामंजूर, असा निरोप आला होता. महिन्याचा शेवटचा दिवस. संध्याकाळपर्यंत काही झालं नाही तर कोड बंद.

“फोन दे,” मी म्हटलं.

“आबा, ते मोठे लोक आहेत.”

“म्हनूनच दे.”

मी पायल मॅडमला फोन लावला आणि नुसता एकदा खाकरलो. ते खाकरणं टाकीत फिरलं, भिंतीभिंतीला आपटलं आणि मुंबईत पोचेपर्यंत एवढं मोठं झालं, की मॅडम खुर्चीतून उभ्या राहिल्या. “सर, तुम्ही?” त्यांना वाटलं, कंपनीचे थोरले मालक. मी खोटं बोललो नाही. मी फक्त ‘नाही’ म्हणालो नाही. तेवढ्यात खालून म्हैस रेकली. मॅडम म्हणाल्या, “सगळे डायरेक्टर पण आहेत का सोबत?”

मी म्हटलं, “मॅडम, पोरगी नोकरी सोडत न्हाई. नोकरी तिची हाय. सोडायला निघालं व्हतं ते गाव. ती रोज रगत तपासती, तुमच्या मानसांनी नुसते पोहे तपासले. मानूस परत धाडा, आनि त्याला दारातच सांगायला लावा की मी बँकेतनं आलोय.”

पलीकडे टाळ्या पडल्या. त्यांना सवयच ती.

दुपारी तोच गायकवाड परत आला. ह्या वेळी त्यानं ओळखपत्र छातीवर सरळ लावलं होतं. सरूबाईला धक्का बसला, पण ती सावरली आणि तिनं सगळं खरं सांगितलं. वय एकोणतीस, पगार वेळेवर, पुरणपोळी बेताची. दिवस मावळायच्या आत बँकेनं पैसे सोडले. प्रज्ञेशनं टाकीत अशी उडी मारली, की खालच्या वस्तीत भूकंप झाल्याची बातमी गेली. रेणुका आता इंदुरीत आहे, खिडकीत उभी राहून नदी बघते. मला तिनं पेढ्यांचा डबा दिला. प्रज्ञेशचा तर कोड सोन्याच्या पत्र्यावर कोरलाय. कंपनीनं त्याला चाकाची खुर्ची पाठवली. ती झाकणातून आत जाईना, म्हणून झाकण मोठं केलं. पायल मॅडमनं हुकूम काढलाय, की स्वप्नछत्रच्या हरेक ऑफिसात एक रिकामी टाकी पाहिजेच. आमच्याकडून दोन वटवाघळं मुंबईला पार्सल गेली. प्रज्ञेश तर परवाच माझ्या पाया पडून म्हणाला, “आबा, तुम्ही नसतात तर—”

“बास!”

बयाबाई पोत्यावरून उठल्या होत्या.

“बिबट्या खरा धरला, टाकी खरी धरली. पर ह्ये खोटं हाय, आबा! दत्तोबाभाऊ त्या दिशी वाडीत व्हतेच कुटं? ते डोळ्याच्या ऑपरेशनला पुन्याला गेलते, आठ दिस लेकीकडंच व्हते. पोह्यांची बशी घेऊन मी तुमच्या मागं उभी व्हते. ‘म्हनाल तर उद्या सोडंल’ ह्ये तुमी म्हनालात. ‘चोवीस’ बी तुमीच, ‘आता तुमच्यावरच की’ बी तुमीच. कर्जाचं तर तुमाला बी मागनंच कळलं. दुसऱ्यांदा कोन बी आला न्हाई. रेणुका अजून आमच्याच गल्लीतनं पहाटंची एस.टी. धरती, आनि पोरगं परत तळेगावला रात्रपाळीला जातंय. पाया कुटला पडतोय? दिवाळीपासनं तुमच्याशी बोललाय का त्यो?”